अंबडला चावला, नाशिकरोडला उठला: एका झॉम्बी विषाणूचं प्रकरण

तीन मिनिटांत नाशिक संपलं. पंचवटी, सिडको, नाशिकरोड, सगळा नकाशा लाल. माझ्या हातातला चहा अजून गरमच होता. समोर चौघं हिरमुसून बसलेली. त्यांतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमचा व्हायरस एक तर पसरतच नाही, नाहीतर सगळ्यांना मारतो. मधलं काही होतच नाही."

त्या 'मधल्या'चं हे प्रकरण.

ही पोरं कम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाची. प्रोजेक्ट म्हणून त्यांनी झॉम्बीचा गेम करायला घेतला आणि नकाशा निवडला आपल्याच गावाचा. मी संख्याशास्त्र शिकवते. गेमशी माझा संबंध भाच्याच्या खांद्यावरून डोकावण्यापुरता. पण साथ कशी वाढते हे गणित माझ्या विषयात येतं, म्हणून त्यांच्या गाइड सरांनी त्यांना माझ्याकडे पिटाळलं. नकाशा झकास होता. पश्चिमेला गंगापूर धरण, मधून वाहणारी गोदावरी, रामकुंड, पलीकडे निमाणीचा बसस्टँड, खाली अंबडच्या कंपन्या, दुसऱ्या टोकाला नाशिकरोडचं रेल्वे स्टेशन. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत १४,८६,०५३ माणसं होती. पाचशे माणसांमागे एक ठिपका धरून पोरांनी २,९७२ ठिपके काढले आणि सोयीसाठी ३,००० केले. हिरवा ठिपका धडधाकट, लाल ठिपका झॉम्बी. गेममधला एक तास म्हणजे खेळणाऱ्याचं एक मिनिट.

अकरा पानी उगम

विषाणू कसा पसरतो हे विचारलं तर त्यांच्याकडे एक ओळ होती: चावला की झॉम्बी. विषाणू आला कुठून, हे विचारल्यावर मात्र अकरा पानं निघाली. अंबडमधली बनावट औषध कंपनी, तळघरातली प्रयोगशाळा, पैशाला हपापलेला मालक, पश्चात्ताप झालेला शास्त्रज्ञ, त्याची मुलगी. एका पोरानं तर कंपनीचा लोगोसुद्धा काढून आणला होता, आणि तो छत्रीसारखा दिसत होता. ही छत्री कुणाची, हे गेम खेळणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

मार्च १९९६ मध्ये जपानच्या कॅपकॉमनं 'बायोहझार्ड' बाजारात आणला. जपानबाहेर तो 'रेसिडेंट ईव्हिल' झाला. डोंगरातला एक वाडा, आत झॉम्बी, आणि त्यांच्यामागे अंब्रेला नावाच्या औषध कंपनीचा टी-विषाणू. पहिल्या गेममध्ये एवढंच पुरे होतं. विषाणूची वंशावळ नंतर जोडत गेले, तीही उलट्या दिशेनं. जेम्स मार्कस नावाच्या शास्त्रज्ञानं मूळ विषाणूत जळवांचा अंश मिसळून टी-विषाणू घडवला, ही कथा २००२ च्या 'रेसिडेंट ईव्हिल झीरो'मध्ये आली. त्याआधीचा मूळ विषाणू १९६६ साली आफ्रिकेतल्या एका फुलात सापडला होता, आणि ते फूल प्रत्यक्ष दिसायला २००९ चा पाचवा भाग यावा लागला. म्हणजे रोगी आधी आला आणि त्याच्या पणज्याचा जन्मदाखला तेरा वर्षांनी निघाला. देवळाचं माहात्म्य सांगणाऱ्या पोथ्याही बहुधा अशाच तयार होत असाव्यात.

मी पोरांना म्हटलं, उगमाची पानं फाईलला लावून ठेवा. त्याच मालिकेतलं शहर, रॅकून सिटी, बुडालं ते मार्कसच्या जळवांमुळे नाही. शहरापर्यंत साथ कशी पोचली ते बघा. सप्टेंबर १९९८. विल्यम बर्किन हा शास्त्रज्ञ आपला नवा जी-विषाणू कंपनीला द्यायला तयार नसतो. कंपनी हत्यारबंद टोळी पाठवते, ती त्याला गोळ्या घालते आणि नमुन्यांची पेटी घेऊन गटारातून पळते. मरता मरता बर्किन स्वतःलाच जी-विषाणू टोचून घेतो, राक्षस होतो आणि गटारात त्या टोळीला गाठतो. त्या झटापटीत पेटीतल्या टी-विषाणूच्या कुप्या फुटतात. तिथे उंदीर असतात. पुढचं काम उंदीर करतात, गटार करतं, पाणी करतं. साधारण लाखभर वस्तीचं शहर, आणि १ ऑक्टोबरला अमेरिकन सरकार त्यावर क्षेपणास्त्र टाकून विषय मिटवतं. त्याच १९९८ साली आपल्या नाशकात आरोग्य विज्ञान विद्यापीठ सुरू झालं. या योगायोगाला काही अर्थ नाही, पण पोरांना तो फार आवडला.

वाड्यातली साथ वाड्यात राहिली होती. शहर बुडवायला गटार लागलं.

पाच, पंधरा, पंचेचाळीस

पोरांच्या पहिल्या आवृत्तीत झॉम्बी संथ होता. लोक त्याला काठीनं, पाटानं, हाताला येईल त्यानं झोडपत. सुरुवातीला पाच लाल ठिपके अंबडला सोडायचे. आम्ही वीस वेळा गेम चालवून मोजलं, तर एक झॉम्बी मार खाऊन पडेपर्यंत सरासरी ०.८ माणसांना चावत होता. पाचाचे चार, चाराचे तीन-सव्वातीन, असं करत साथ आटते. बेरीज केली तर एकूण पंचवीसच्या आसपास येऊन थांबते. अंबडच्या बाहेर कुणाला पत्ताही लागत नाही. सातपूरचा माणूस पहिली पाळी करून घरी जातो आणि झोपतो.

मग चिडून त्यांनी झॉम्बीला पळायला लावलं आणि चाव्याची ताकद वाढवली. आता एक जण पडेपर्यंत तिघांना चावायचा. पाच, पंधरा, पंचेचाळीस, एकशे पस्तीस, चारशे पाच, बाराशे पंधरा. पुढची उडी ३,६४५, म्हणजे शहरात शिल्लक ठिपक्यांहून जास्त. सहा उड्या, एका उडीला अर्धा मिनिट. तीन मिनिटांत नाशिक संपलं ते असं. (सगळे सगळ्यांना भेटतात असं धरून केलेला हा हिशेब आहे. प्रत्यक्षात शेवटी चावायला माणूसच सापडत नाही, आणि चार-दोन ठिपके हिरवे राहतात. त्यांचं पुढे काय होतं हे गेममध्ये दाखवलेलं नव्हतं.)

एकाच्या खाली साथ विझते, एकाच्या वर भडकते. साथीच्या गणितात हे अगदी पायाचं. ते पहिल्यांदा नीट मांडलं १९२७ साली, कर्मॅक आणि मॅकेंड्रिक या दोघांनी. मॅकेंड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला डॉक्टर, भारतात काम केलेला. कर्मॅक रसायनशास्त्रज्ञ, प्रयोगशाळेतल्या अपघातात दृष्टी गेलेला. लोक तीन कप्प्यांत टाकायचे: लागण होऊ शकणारे, लागण झालेले आणि खेळातून बाद झालेले. आपलं समीकरण खऱ्या साथीला बसतं का हे पाहायला त्यांनी कुठले आकडे घेतले? मुंबई बेटावरच्या प्लेगचे, डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ चे. त्यांच्या वक्राचं शिखर आठवड्याला सुमारे ८९० मृत्यूंचं आहे.

हे सांगितल्यावर वर्ग, म्हणजे चौघंच, एकदम गप्प झाला. लाल-हिरव्या ठिपक्यांच्या खेळाखालचं समीकरण आपल्या पणजोबांच्या काळातल्या मुंबईच्या मयतांवर बेतलेलं आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मलाही कॉलेजात असताना कुणी सांगितलं नव्हतं. आणि त्याच निबंधात त्या दोघांनी एक कबुलीही दिली आहे: माणसांतला प्लेग हा उंदरांतल्या प्लेगचं प्रतिबिंब असतो, त्यामुळे फक्त माणसं मोजून हिशेब पुरा होत नाही.

उंदीर पुन्हा. ते पुढे आणखी एकदा येतील.

रुमाल बांधलेला हात

आम्ही पहिला बदल अगदी साधा केला. चावा बसल्यापासून झॉम्बी होईपर्यंत दोन ते आठ तास जातील, आणि त्या काळात माणूस दिसायला धडधाकट असेल. ठिपका हिरवाच. चाव्याची ताकद एका झॉम्बीमागे दीड माणसावर आणली.

त्या मुलीनं पडद्यावर एका ठिपक्यावर बोट ठेवलं आणि आम्ही सगळे त्याच्या मागे गेलो. अंबडच्या एका शेडमधला कामगार. पाळी सुटताना गेटवर चावा बसला. मनगटाला रुमाल बांधला, बसमध्ये चढला, द्वारकेला उतरून दुसरी बस धरली, नाशिकरोडला घरी गेला. गेममध्ये जेवणाची सोय नव्हती, नाहीतर जेवलाही असता. मध्यरात्री उठला तो लाल होऊन. सकाळी खेळणाऱ्यांना पहिली बातमी मिळते ती नाशिकरोड स्टेशनवरची, आणि सगळे धावतात रेल्वेच्या मागे: मुंबईहून आलं, भुसावळहून आलं. अंबडकडे कुणी बघतच नाही.

माझ्या दृष्टीनं या प्रकरणातला हा सगळ्यात महत्त्वाचा क्षण, म्हणून थोडं थांबते. एक झॉम्बी किती जणांना चावतो हा आकडा आणि साथ कुठवर जाते ही गोष्ट, या दोन वेगळ्या आहेत. या मधल्या काळामुळे चाव्यांची संख्या वाढली नाही. बदलला तो चाव्यांचा पत्ता. दहा सेकंदांत झॉम्बी होणाऱ्याला कंडक्टर तिकीट देत नाही. रुमालवाल्याला देतो. शहरभर फिरायचं तर विषाणूला अजून माणूसच असलेला माणूस लागतो.

गेमवाल्यांना हे आपल्या आधी कळलेलं आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन गेमच्या नव्या भागाच्या आधी तो करणाऱ्या ब्लिझर्ड कंपनीनं मुद्दाम एक झॉम्बी साथ सोडली होती. दूषित धान्याची खोकी बंदरात पडलेली, हात लावला की लागण. सुरुवातीला झॉम्बी व्हायला दहा मिनिटं लागत आणि तेवढ्या वेळात बरं होता येई. मग ती मुदत कमी कमी करत नेली आणि शहरं ओस पडली. खोकी धान्याची होती, हेही लक्षात घ्या. २०१३ च्या 'द लास्ट ऑफ अस' या गेममध्ये माणसांना झॉम्बी करणारी बुरशी पसरते तीही दूषित पिकातून, असं तिथल्या वर्तमानपत्रातून सुचवलं आहे. चावा नंतर येतो. आधी कुणाच्या तरी ताटात काहीतरी येतं.

आबांचा नळ

पोरं आता सुटली. रॅकून सिटीसारखं गटार हवं, उंदीर हवेत, पाणी हवं. त्यांनी लिहिलं: अंबडच्या कंपनीतून विषाणू ड्रेनेजमध्ये जातो, ड्रेनेजमधून गंगापूर धरणात, धरणातून नळाला. त्या मुलीचे आजोबा पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन होते, निवृत्त झाले. आयुष्यभर पहाटे चाव्या फिरवलेला माणूस. तिनं हौसेनं त्यांना वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला: आबांनी सगळ्यांना घरी बोलावलंय, बाईंनाही.

"धरण वर, तुमची कंपनी खाली," आबा म्हणाले. "गटाराचं पाणी डोंगर चढून गंगापूरला जाणार का? घाण उताराला जाते. तपोवनाकडे, खाली. वर जात नसते."

पोरांचे चेहरे पडले. आबा उठले आणि मोरीतला नळ सोडला. पाणी जायची वेळ झाली होती. धार बारीक होत गेली, तुटली, नळानं गुळणी केल्यासारखा आवाज काढला. आबांनी वर्तमानपत्राचा एक कपटा ओला केला आणि नळाच्या तोंडाशी धरला. कपटा खाली पडला नाही. नळाला चिकटून बसला, आणि मधोमध थोडा आत ओढला गेला.

"पाणी असतं तेव्हा पाइप बाहेर ढकलतो. गळका असला तरी पाणी बाहेर जातं, घाण आत येत नाही. पाणी गेलं की पाइप ओढतो. मग भेगेशी जे असेल ते आत. शेजारून गटार गेलं असेल तर गटार. आणि पुन्हा पाणी सुटलं की पहिल्या घागरीत तेच."

ठरावीक वेळ पाणी सुटणाऱ्या कुठल्याही गावात हे असंच चालतं, आणि म्हणूनच पाणी आल्यावर पहिली बादली सोडून देणाऱ्या आपल्या आया शहाण्या. आबांच्या या एका कपट्यानं गेमची अख्खी पाण्याची बाजू नव्यानं लिहिली गेली. धरण स्वच्छच राहिलं. विषाणू शिरतो तो गावात, पाणी नसलेल्या तासांत. लागण दिसते ती पाणी सुटल्यावर, गल्लीगल्लीच्या वेळेप्रमाणे. नीट खेळणाऱ्याला पाण्याचं वेळापत्रक पाहून कळू शकतं की उद्या कुठली गल्ली जाणार.

उंदरांसाठी जागा जुन्या नाशकात आयतीच होती. सरस्वती नाला गावठाणातून, वस्तीच्या पोटातून गंगेला येतो. (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, बाहेरच्यांनी गोंधळू नये.) गंगेला पूर आला की नाल्याचं तोंड दबतं, पाणी माघारी फिरतं आणि सराफ बाजारात शिरतं. पूर किती, हे नाशिककर मीटरवर पाहत नाहीत, दुतोंड्या मारुतीवर पाहतात: पायाशी, कमरेला, छातीला. पोरांनी गेमचं मापच ते केलं. मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की नाल्यातले उंदीर वर येतात आणि भांडी बाजारातून वाट काढतात. हे दृश्य त्यांनी इतकं मन लावून केलंय की मला पाय वर घ्यावेसे वाटले.

निघताना आबा म्हणाले, त्यांची आजी सांगायची, घरात उंदीर पडला की दुसऱ्या दिवशी कुलूप आणि सगळ्यांनी रानात, झोपडीत. प्लेगच्या वर्षांतली गोष्ट. डॉक्टर यायच्या आधी निदान झालेलं असायचं. पोरांनी अकरा पानांचा उगम काढून टाकला. आता गेम सुरू होतो तेव्हा काळ्या पडद्यावर एकच ओळ येते: "उंदीर पडला." कंपनी, मालक, शास्त्रज्ञाची मुलगी, सगळं गेलं. लोगो काढणारा पोरगा दोन दिवस बोलत नव्हता.

शनिवारची चाचणी

बारा जणांना कॉलेजच्या लॅबमध्ये बसवून गेम खेळवला. नियम असा की चावा बसला तर तो फक्त तुमच्याच पडद्यावर दिसेल. मी मागे वही घेऊन उभी.

पहिल्याला चावा बसला, त्यानं शेजाऱ्याला सांगितलं नाही. उलट गर्दीतच घुसला, तिथे औषध मिळेल म्हणून. दुसरा सराफ बाजारात नुसतं बघायला गेला. त्याला तिथे काही काम नव्हतं, सगळे जातायत म्हणून गेला. एक मुलगी तीन वेळा धोक्यात परत गेली, पडलेल्यांना बरं करायला, आणि तिसऱ्या वेळी आपणच लागण घेऊन मदत केंद्रात आली. आणि एक महाभाग चावा बसल्यावर हसत हसत निमाणीला गेला आणि भरलेल्या बसमध्ये चढला. का, विचारलं तर म्हणाला, "मॅडम, मजा."

हे सगळं याआधी एकदा घडलेलं आहे, अगदी याच क्रमानं नसलं तरी. १३ सप्टेंबर २००५ ला त्याच 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये हक्कार नावाच्या राक्षसाचा एक शाप आला, भ्रष्ट रक्ताचा. जवळ उभं राहिलं की लागायचा. तो त्या राक्षसाच्या ठाण्यातच राहायचा होता. पण शिकाऱ्यांच्या पाळीव प्राण्यांना लागण झाली, खेळणाऱ्यांनी ते प्राणी बाजूला ठेवले आणि शहरात येऊन पुन्हा बाहेर काढले. शाप तसाच जिवंत. शहरातली दुकानदार पात्रं स्वतः मरत नव्हती, पण लागण देत राहिली. दुबळे खेळाडू क्षणात मेले. कुणी पळाले, कुणी बरं करायला धावले, कुणी बघायला आले, कुणी मुद्दाम पसरवत फिरले. विलगीकरण लोकांनी पाळलं नाही, आणि कंपनीला शेवटी सर्व्हर नव्यानं सुरू करून नियमच बदलावा लागला. एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन यांनी २००७ मध्ये त्यावर 'लॅन्सेट इन्फेक्शस डिसीझेस' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. आकडेमोडीच्या नमुन्यात माणसाचं वागणं घालायचं कसं, हा त्यांचा प्रश्न होता. माझ्या वहीतही तोच. मी 'मजा' या रकान्याला किती गुण द्यायचे हे अजून ठरवलेलं नाही.

या प्रकरणात काय जमलं नाही तेही लिहिते. उंदरांची संख्या आम्ही अंदाजानंच ठेवली. कर्मॅक-मॅकेंड्रिकना जी अडचण तीच आम्हाला, फक्त शंभर वर्षांनी. माणसांचा ठिपका पाचशेचा धरल्यामुळे एका घरातली लागण दिसतच नाही. आख्खी गल्ली एकदम लाल होते. आणि कुंभमेळ्याचा पर्याय पोरांनी घातला होता तो मीच काढायला लावला. तेवढी गर्दी लॅबच्या कम्प्युटरला झेपली नाही, हे खरं कारण. दुसरं कारण मी त्यांना सांगितलं नाही.

चाचणीत एक गंमतीचा दोष निघाला. होळकर पुलावरून ढकललेला एक झॉम्बी गंगेत पडला आणि पाण्यात तसाच उभा राहिला, हात पुढे करून. हलेना, बुडेना. चौघांत वाद पेटला. झॉम्बी पोहतो का? एक म्हणे पोहतो, एक म्हणे श्वासच घेत नाही तर बुडेल कशाला, तळाशी चालत जाईल. लोगोवाला म्हणाला, रेसिडेंट ईव्हिलमध्ये काय दाखवलंय ते बघू. शेवटी त्या मुलीनं स्पीकरवर आबांना फोन लावला.

पलीकडे थोडा वेळ नुसता टीव्हीचा आवाज.

"मेलेला माणूस पोहत नाही गं, वाहतो," आबा म्हणाले. "तपोवनाच्या बाजूला बघा. तिथे कुठेतरी अडकला असेल."